खंडेनवमीचं तेल

पंचफुलाबाईचा शिवहार पुण्याकडून परत आला, तो भाड्याच्या टेम्पोत सायकली भरून. लोक शहरातून फ्रीज आणतात, कपाट आणतात, एखादा बायकोच घेऊन येतो. ह्या पोरानं सायकली आणल्या. त्याही वापरलेल्या. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. टायर मात्र असे जाड आणि दातेरी, की जणू ट्रॅक्टरचीच लेकरं.

शेजारचा मेंढरंवाला जळबा ओट्यावर बसून सगळं बघत होता. म्हणाला, “वैनी, पोरगं पुण्याला कामाला गेलतं का भंगार गोळा कराया?”

“कशालाबी जाईना,” पंचफुलाबाई म्हणाली. “तुमच्या मेंढरायपरीस बऱ्या. दारात लेंड्या तर टाकत न्हाईत.”

तोंडानं असं बोलली, पण आतून ती फुलून गेली होती. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक वसमतकडे दिलेली. घरात बोलायला कोण, तर देव्हाऱ्यातले देव. त्यांच्याशी ती बोलायचीच. भाजी खारट झाली तरी त्यांना सांगायची. श्रावणातल्या सोमवारी औंढ्याला जाऊन नागनाथापुढे तिनं दरवर्षी एकच मागणं घातलं होतं, की पोरगं घरी येऊ दे. पोरगं आलं. आता ते टिकावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं उरलं होतं.

आणि टिकायचं सगळं त्या सायकलींवर होतं. शिवहारनं आल्या आल्याच सांगून टाकलं होतं.

“माय, सोयाबीन-हळद तुझ्यासंगं करीन. पण नुसतं तेच करत म्या इथं ऱ्हाणार न्हाई. गावामागं एवढा डोंगर पडलाय. पोरायला डोंगरावरून सायकल चालवायची शिकवतो. जमलं तर ऱ्हाईन. न्हाई तर परत जाईन.”

“डोंगरावरून सायकल?” तिनं तोंडाला पदर लावला. “चांगली सडक हाय की रे वारंगा फाट्यापोत.”

शिवहार हसला. पुण्याजवळच्या डोंगरात शहरातली माणसं सुट्टीच्या दिवशी हौसेनं असल्या सायकली चालवायला येत. तो तिथं आधी सायकली धूत होता, मग दुरुस्त करू लागला, मग शिकवू लागला. तिथंच एकदा त्याच्या डोळ्यांदेखत कोणाचं तरी लेकरू घसरून दगडावर गेलं. पुढं काय झालं ते त्यानं आईला कधी सांगितलं नाही. पण तेव्हापासून त्याला काळजी घेण्याचं जवळजवळ वेडच लागलं होतं.

गावातली पोरं-पोरी जमली, तेव्हा त्यांना वाटलं, आता डोंगरावरून सुसाट. शिवहारनं त्यांना कितीतरी दिवस शाळेच्या मैदानाबाहेर जाऊ दिलं नाही. आधी थांबायला शिका, मग चालवायला, असं त्याचं म्हणणं. ब्रेक एका बोटानं दाबायचा, पुढचा-मागचा बराबर. नुसता पुढचा दाबला तर डोक्यावर जाल. उतार आला की सीटवरून उठायचं, दोन्ही पायडल एका पातळीत धरायचे, बूड मागं न्यायचं. ह्या ‘बूड मागं’ला पोरं खिदळायची. तो हसू द्यायचा आणि पुन्हा तेच सांगायचा. दगडाकडं बघायचं न्हाई, जायचं तिकडं बघायचं. दगडाकडं बघाल तर दगडावरच जाल. हेल्मेटचा पट्टा असा, की हनुवटीखाली दोन बोटं जातील, तिसरं जाणार नाही. एकामागं एक उतरताना मधी भरपूर अंतर. मेंढरं दिसली की खाली उतरून उभं राहायचं. आणि भ्या वाटलं तर सायकल हातात धरून चालत यायचं, त्यात कसलाच कमीपणा न्हाई.

पावसाळ्यात डोंगराची वाट रोज बदलते. काल जिथं वाट होती तिथं आज ओघळ, वर सुटा मुरूम. म्हणून शिवहार पहाटे आधी स्वतः ती वाट पायी चालून यायचा, धोक्याच्या जागी पांढरी फक्की टाकायचा. आपण न चाललेल्या वाटेवर त्यानं एकही लेकरू कधी सोडलं नाही.

सगळ्यांत तयार झाली ती प्रियंका. दहावीतली पोरगी, अंगानं काडी, पण जबान कडक. पट्टा न लावता कोणी आला की सरांच्या आधी तीच ओरडायची, “जा माघारी! डोस्कं घरी ठेवून आलास का?”

पंचफुलाबाईचीही तिची वेगळी काळजी चालू होतीच. पोरं वर गेली की ती डोंगराच्या पायथ्याला म्हसोबापाशी जाऊन उभी राहायची. शेवटचं लेकरू खाली येईपर्यंत ओठ हलत असायचे. जाताना प्रत्येकाच्या कपाळाला अंगारा लावायची. शिवहार म्हणायचा, “लाव माय. फक्त पट्टा सोडू नको कोणाचा.”

एकदा तो सायकल उलटी करून काहीतरी करत होता. चाकाच्या मधोमध एक चकचकीत चकती होती. तिला दोन्ही बाजूंनी एक चिमटा धरायचा आणि सायकल थांबायची; हेच ब्रेक. चकतीवर धूळ दिसली म्हणून पंचफुलाबाईनं हात पुढे केला, तर पोरगं केवढ्यानं ओरडलं.

“माय! चकतीला हात न्हाई लावायचा!”

“काहून रे?”

“हात लागला की ब्रेक धरत न्हाई मग.”

बोटाचं तेलकट लागतं, असं त्याला म्हणायचं होतं. पण तेवढ्यात पोरांनी हाक मारली आणि तो उठून गेला. पंचफुलाबाईनं मात्र ती गोष्ट मनात जपून ठेवली. असल्या जागा तिला जन्मभर माहीत होत्या. पारोशा हातानं देव शिवायचे नाहीत, लोणच्याची बरणी शिवायची नाही. ज्याच्यावर सगळं टिकून असतं, त्याला न्हाऊन-धुऊनच हात लावायचा. चकती त्यातलीच, एवढं तिनं ओळखलं.

गाव हळूहळू वळलं. जळबासुद्धा म्हणू लागला, “पोरगं माणसात हाय. माझ्या मेंढरायला वाट देतंय.” सरपंच मसाजीनं तर पुढाकारच घेतला. जवळच्याच एका गावचे एक मोठे साहेब हिंगोलीला खेळाच्या खात्यात होते, दसऱ्याला गावी यायचे. मसाजीनं त्यांना गळ घातली, की आमच्या पोरांचं डोंगरावरून उतरणं एकदा बघा. आवडलं तर शिवहारला शाळेत शिकवायला ठेवायचं आणि डोंगराची ती वाट पोरांसाठी राखायची, असं ठरलं. दुसऱ्या एका गावानंही साहेबांकडे असलंच काही मागितलं होतं. पण दसऱ्याला आधी इथं येतो, असं साहेब म्हणाले.

ज्या दिवशी हे कळलं, त्या दिवशी पंचफुलाबाईनं देवापुढे साखर ठेवली. पोरगं राहणार, हे आता जवळजवळ ठरल्यातच होतं.

खंडेनवमीला शिवहार दिवस उगवायच्या आधी डोंगरावर गेला, वाट चालून फक्की टाकून आला, आणि तसाच मसाजीच्या गाडीवर बॅनर आणायला हिंगोलीला गेला. आई घरी एकटी. खंडेनवमी म्हणजे अवजारांचा दिवस. तिनं विळे, खुरपी, कुऱ्हाड, वखराची पास, सगळं घासून धुतलं. मग एकेक करून सायकली ओसरीत ओढत आणल्या. ह्या घराचं खरं अवजार आता ह्याच. आंघोळ करून, ओलेत्यानंच, नवं कोरं फडकं घेऊन ती बसली. कोरडं लोखंड पुजायचं नसतं, हे तिनं सासूकडून शिकलेलं. घाण्यावरचं करडईचं तेल वाटीत घेतलं आणि फडक्यानं लोखंड दिसेल तिथं फिरवलं. सगळ्यात जास्त तेल तिनं चकत्यांना दिलं. लेकरांचा जीव त्यांच्यावर होता ना. तेल चकतीवरून ओघळून चिमट्यात उतरलं, तेही तिनं समाधानानं पाहिलं. वर हळद-कुंकू, हँडलला झेंडूच्या माळा, चाकाखाली लिंबू.

दिवेलागणीला शिवहार आला. दमलेला होता. “माय, सायकली एकदा बघून घेतो.”

“आता?” ती आडवी आली. “पूजा मांडलीय. सकाळी उत्तरपूजा झाल्याबिगर अवजार हालवत न्हाईत. तुझ्या बापानं कधी हालवलं न्हाई.”

आदल्या संध्याकाळी ब्रेक तपासल्याशिवाय शिवहार कधी जेवत नसे. त्या दिवशी त्यानं उंबऱ्यातून त्या माळा बघितल्या, आईचं तोंड बघितलं आणि म्हणाला, “बरं.”

सकाळी उत्तरपूजा झाली. पंचफुलाबाई आरतीचं ताट लावत होती. शिवहार पहिल्या सायकलीपाशी बसला, ब्रेक दाबला. चाक फिरतच राहिलं. दुसरी बघितली, तिसरी बघितली. चकतीवरून बोट फिरवून त्यानं ते नाकाशी नेलं. मग वळून एकदा आईकडे पाहिलं.

“काय झालं रे?”

“काई न्हाई. गरम पाणी दे. आन् भांड्याचा साबण.”

सायकली मागच्या अंगणात नेल्या, लवकर आलेल्या प्रियंकाला तेवढं मदतीला आत घेतलं आणि दार लोटलं. चकत्या घासल्या. चिमट्यातल्या, चकती धरणाऱ्या पॅडी काढून चुलीवर धरल्या, घासल्या, परत बसवल्या. पण पॅडींनी तेल पिऊन घेतलं होतं. एक सायकल धरायची, दुसरी किंचाळायची आणि सरकत जायची. नव्या पॅडी मिळणार त्या नांदेडला, आणि जाऊन यायला तेवढा वेळ नव्हता.

पायथ्याला मांडव, भोंगा, खुर्च्या. साहेब येऊन बसलेले. प्रियंका आणि पोरं हेल्मेट घालून रांगेत उभी. पंचफुलाबाई ताट घेऊन बायकांत पुढे होती. तेवढ्यात शिवहार मधे येऊन म्हणाला, “आज कोणी डोंगरावर जाणार न्हाई.”

मसाजीला वाटलं, गंमत करतोय. “अरे, साहेब आलेत!”

“ब्रेक धरत न्हाईत, दादा.”

“परवा तर धरत होते!”

“काल तपासले न्हाईत म्या. चूक माझी हाय.”

“मग हळू उतरव की. पाय टेकवत येतील.”

“ब्रेकबिगर हळू नसतंय, दादा. मैदानावर चालवून दाखवतो.”

मैदानावरची सायकल बघायला कोण एवढ्या लांब येतं? साहेब तसे भले माणूस होते. चिडले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे काल तुम्ही सायकली बघितल्याच नाहीत?”

“न्हाई.”

“मग लेकरं तुमच्या हवाली कशी करायची?”

ह्याला शिवहारपाशी उत्तर होतं, पण ते ताट घेऊन बायकांत उभं होतं. साहेबांनी चहा घेतला आणि ते गेले. मागं बायका कुजबुजल्या, शिवहारच्या मायकडे बघू लागल्या. पंचफुलाबाईला ताट कुठं ठेवावं कळेना.

घरी येऊन ती फुटली. “साऱ्या गावात शोभा केलीस! देवानं पुढ्यात वाढून दिलं, आन् तू ताट सारलंस. एक दिवस, एकच दिवस ध्यान द्यायचं होतं तुला!”

शिवहार पुरणपोळी मोडत बसला होता. खाल्ली नाही. त्यानं त्या वेळी तोंड उघडलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला पुढं फार वाटायचं.

दसऱ्याच्या संध्याकाळी आख्खं गाव एकमेकांच्या दारी आपट्याचं सोनं द्यायला जातं. त्यांच्या दाराकडं कोणी वळलं नाही. अंधार पडता पडता एकटी प्रियंका आली. सर घरी नव्हते. तिनं आजीला सोनं दिलं, पाया पडली आणि अंगणातल्या सायकलींकडं बघत म्हणाली, “अजून निघालं न्हाई का वो तेल?”

“कसलं तेल?”

“चकतीवरचं. त्याच्यानंच तर ब्रेक गेले.” आणि मग तिनं जीभ चावली. “सर म्हणले होते, कोणाला सांगायचं न्हाई.”

पंचफुलाबाई खाली बसली. “म्या न्हाऊन लावलं होतं गं. हातबी न्हाई लावला, कोरं फडकं घेतलं होतं.”

“आजी,” पोरगी हळूच म्हणाली, “न्हाऊन लावलं तरी तेलच ते.”

शिवहार आल्यावर तिनं त्याला जेवूही दिलं नाही. “काहून सांगितलं न्हाईस मला?”

“सांगून तेल निघणार होतं का?”

“साऱ्यांसमोर सोताच्या अंगावर घेतलंस. म्या उद्या जाते मसाजीभाऊकडं. सांगते, माझ्या हातानं झालं म्हणून.”

“न्हाई जायचं.” त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. “म्या सगळ्यायला म्हणलो चूक माझी. ती माझीच हाय. तपासायचं काम माझं होतं, तुझ्या पूजेला भिऊन म्या तपासलं न्हाई. तू मधी पडू नको, माय. तेवढं एक माझं ऐक.”

ती उठून त्याचं ताट वाढू लागली. हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

पण आपल्या हातचा डाग पोराच्या कपाळी, आणि आपण देवापुढे बसून नाव घ्यायचं, हे तिला जमेना. दुसऱ्याच दिवशी पदर डोक्यावरून घेऊन ती मसाजीच्या घरी गेली आणि सगळं सांगितलं.

मसाजी ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, “वैनी, म्या आता साहेबाला काय सांगू? आमच्याकडं देवपूजा केली म्हणून ब्रेक गेले? बरं, साहेबांनी सकाळीच फोन करून सांगितलं, शाळेतलं ते काम दुसऱ्या गावाला देऊन राहिलेत.”

“न्हाई द्यायचं तर नका देऊ. पण माझ्या लेकराला निष्काळजी म्हणू नका.”

“आता निष्काळजी न्हाई म्हणणार,” मसाजी म्हणाला. “आता दुसरं काही म्हणतील. तुमी यायला नव्हतं पाहिजे.”

सरपंचाच्या बायकोच्या कानावरून ते नळावर गेलं आणि नळावरून घरोघर. कोणी म्हणालं, दसऱ्याच्या दिवशी देवाला नाव ठेवतो का? कोणी म्हणालं, आधी मोठेपणानं चूक माझी म्हणतो आणि मागनं म्हाताऱ्या आईला पुढं ढकलतो. जळबानं भिंतीवरून विचारलं, “शिवहार, चूक तुझी का मायची का देवाची? एक काय ते ठरवा गड्याहो.”

प्रियंकाच्या बापानं तिला पुन्हा पाठवलं नाही. बाकीचीही आली नाहीत.

शिवहार घरात आला. पंचफुलाबाई देव्हाऱ्यापाशी भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर खाली बसला. रागावला असता तर तिला पेललं असतं. तो नुसता समजावून सांगावं तसं बोलला.

“नव्या पॅडी आणून बसवल्या असत्या, माय. दिवाळी झाली की पोरं परत आली असती. नोकरी गेली तर गेली, पोरं होती. माणूस चुकला, त्यानं चूक मानली, एवढं लोक विसरतात. पण खोटारड्यापाशी लेकरू कोण पाठवंल?”

“तू कुठं खोटा हाईस रे?”

“म्या न्हाई. पण आता तसंच झालं ना?”

“म्या तुझ्यासाठीच गेले होते.”

“म्हाईत हाय,” तो म्हणाला. “तेलबी माझ्यासाठीच लावलं होतंस.”

शिवहारनं परत पुण्याला जायचं ठरवलं. ज्या टेम्पोतून सायकली आल्या, त्याच टेम्पोतून तो त्या परत घेऊन गेला असता, तर गावानं बघितलं असतं. त्यानं तसं केलं नाही. सायकली मागच्या खोलीत उभ्या करून तो पिशवी घेऊन निघाला. वारंगा फाट्यापर्यंत ती त्याच्याबरोबर गेली. पुण्याची गाडी आली तेव्हा तो सगळ्यांसमोर वाकून तिच्या पाया पडला. तिला वाटलं, न पडता तोंड फिरवून गेला असता तर निदान भांडण तरी शिल्लक राहिलं असतं. मिटवायला काहीतरी असतं.

डोंगराचा नाद एकदा लागला की सुटत नाही. पोरं आता आपापल्या साध्या सायकली घेऊन चोरून वर जाऊ लागली. हेल्मेट नाही, वाट कोणी चाललेली नाही. थंडीत जळबाचा नातू ओघळात आपटून हात मोडून आला. जळबा त्याला घेऊन दारात उभा राहिला. “बघा वैनी! तुमच्या पोरानं लावलेला नाद!”

शिवहार होता तोवर एका लेकराचं नख तुटलं नव्हतं. पंचफुलाबाईच्या तोंडाशी आलं होतं हे. पण ती आत गेली, हळद घेऊन आली, आणि जळबाच्या हातात देऊन दार लोटलं.

शिवहारचा फोन येतो. पोचलास का, जेवलास का, थंडी हाय का तिकडं, असं ती विचारते. तो विचारलं तेवढ्याचं उत्तर देतो. एकदाच त्यानं स्वतः होऊन विचारलं.

“माय, पोरं डोंगराकडं जातात का अजून?”

पंचफुलाबाईच्या डोळ्यापुढं त्या नातवाचा गळ्यात अडकवलेला हात आला.

“न्हाई रे,” ती म्हणाली. “कोणीच जात न्हाई आता.”

पलीकडं फिरणाऱ्या चाकाचा आवाज येत होता, तो थांबला. मग तो म्हणाला, “बरं झालं,” आणि फोन ठेवला.